चाकोरीबाहेर

गेली तीसेक वर्षं मी पुस्तकांची परीक्षणं लिहितो. या धंद्यातल्या माणसाच्या खिशात काही शब्द सुट्ट्या पैशांसारखे कायम खुळखुळत असतात. 'आश्वासक', 'लक्षणीय', 'अंतर्मुख करणारं' ही त्यातली चिल्लर. पण माझ्याकडचं सगळ्यांत झिजलेलं नाणं म्हणजे 'चाकोरीबाहेरचं'. पुस्तक वाचता वाचता झोप लागली आणि लेखक ओळखीचा निघाला, की मी हमखास लिहितो, 'लेखकाने चाकोरीबाहेर जाण्याचं धाडस केलं आहे.' लेखक खूश होतो, संपादक खूश होतात, आणि वाचक ते पुस्तक विकत घेत नाहीत, त्यामुळे तेही खूश असतात.

चाकोरी म्हणजे गाडीच्या चाकांनी मातीत पाडलेली खाच, हे मला शब्दकोशामुळे ठाऊक होतं. पण शब्दकोशात चिखल नसतो. गेल्या पावसाळ्यात मी खऱ्याखुऱ्या चाकोरीबाहेर गेलो, तोही चार चाकांसकट. सबब हे परीक्षण पुस्तकाचं नसून एका हौसेचं आहे. तिला इंग्रजीत ऑफ-रोडिंग म्हणतात. मराठीत तिला अजून नाव नाही, कारण आपल्याकडे रस्ता कुठे संपतो आणि ऑफ-रोड कुठे सुरू होतो, हे ठरवणं कठीण आहे.

त्याचं असं झालं, की चिरंजीव नोकरीसाठी परदेशी गेले आणि जाताना त्यांची २०२१ सालची थार आमच्या दारात ठेवून गेले. राजस्थानातलं एवढं मोठं वाळवंट कोथरूडच्या गल्लीत उभं राहिलं. सौ. तिच्या बॉनेटवर पापड वाळवायला लागली. 'आठवड्यातून एकदा फिरवत जा, नाहीतर बॅटरी बसेल,' अशी चिरंजिवांची आज्ञा होती. त्या गाडीत नेहमीच्या गिअरच्या दांड्याशेजारी दुसरा एक दांडा होता. 'अहो, त्याला हात लावू नका, तो त्याचा आहे,' असं सौ. म्हणाली. इतकं सांगितल्यावर कोणता नवरा हात लावणार नाही? मी दांडा पुढे-मागे केला. डॅशबोर्डवर काहीतरी पेटलं आणि कोपऱ्यावर वळताना गाडी पायात काटा मोडल्यासारखी खुरडायला लागली. मला वाटलं, मोडली.

ती मोडली नव्हती. वळताना पुढची चाकं मागच्या चाकांपेक्षा जास्त अंतर कापतात. या गाडीत चारी चाकांना जोर दिला, की पुढचा आणि मागचा आंस एकाच गतीने फिरायला बांधले जातात. माती-चिखलात चाकं थोडी घसरून आपसांत तडजोड करतात. कोरड्या डांबरावर तडजोडीला जागा नसते, म्हणून गाडी कुरकुरते. हे मला गाडीबरोबरच्या माहितीपुस्तकातून कळलं. आणि ते वाचताना माझ्यातला परीक्षक जागा झाला.

कारण या गाड्यांविषयीचं वाङ्मय दोन प्रकारचं आहे. पहिला प्रकार जाहिरातींचा. त्यांत वीररस असतो. एक दाढीवाला तरुण एकटाच गाडी घेऊन निघतो, ओढ्यातून कारंजी उडवत जातो, टेकडीवरून उडी मारतो आणि कड्याच्या टोकाला गाडी उभी करून सूर्यास्त बघतो. परीक्षक म्हणून मला या कथानकात काही ढोबळ दोष दिसतात. नायकाला मदतीला कोणी नाही. गाडीत दोरखंड नाही. तो डोंगर कोणाच्याच मालकीचा नाही. त्या ओढ्यावर कोणी धुणं धुवत नाही, त्या टेकडीवर कोणाची शेळी चरत नाही. आणि एवढा चिखल उडून नायकाची विजार शेवटपर्यंत इस्त्रीची!

दुसरा प्रकार माहितीपुस्तकाचा. त्याचा रस शांत, किंबहुना भयाकडे झुकणारा. जाहिरात म्हणते, 'घाल पाण्यात!' माहितीपुस्तक म्हणतं, आधी खोली बघ, हळू उतर, मध्ये थांबू नकोस, नंतर ब्रेक सुकव. कंपनीच्या सांगण्याप्रमाणे ही गाडी ६५० मिलिमीटर पाण्यातून जाते, म्हणजे माणसाच्या गुडघ्याच्या जरा वरपर्यंत. त्याहून पाणी चढलं आणि हवेच्या वाटेने इंजिनात शिरलं, की खेळ खलास. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे दट्ट्याचा दांडा वाकतो. शैली रूक्ष असली तरी मला हा दुसरा लेखक जास्त प्रामाणिक वाटला.

तरी पुस्तक वाचून पोहता येत नाही. शेजारच्या इमारतीतल्या एका मुलाने मला पापडांसकट गाडी पुसताना पाहिलं होतं. तो म्हणाला, 'काका, ही गाडी अशी उभी ठेवणं म्हणजे घोड्याला टेबलाचं काम देणं आहे. रविवारी आमच्याबरोबर चला.' घोड्याची उपमा नवी नसली तरी लागू पडली. मी होकार दिला.

रविवारी पहाटे साडेपाचला चांदणी चौकापलीकडे एका चहाच्या टपरीवर सात गाड्या जमल्या. माझ्यासारख्या दोन थार, १९८५ साली बाजारात आलेल्या जिप्सीच्या वंशातली एक वयस्क जिप्सी, आणि एक इतकी जुनी जीप, की तिचा मूळ रंग कोणता याबद्दल मालकाच्या घरातच मतभेद होते. आमच्या पिढीला जीप ठाऊक आहे. १९४१ पासून अमेरिकन फौजेसाठी विलीज कंपनीने ती बनवली, आणि चाळीसच्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत तिची जुळणी सुरू केली. पुढे कित्येक वर्षं मामलेदार, जंगलखात्याचे साहेब आणि सिंचन विभागाचे ओव्हरसियर तीत बसून ओढे-नाले पार करत असत. ते ऑफ-रोडिंग करताहेत हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. उलट त्याबद्दल त्यांना भत्ता मिळत असे.

मंडळींचा म्होरक्या तिशीतला असेल. त्याने माझी गाडी किती ताकदीची हे विचारलं नाही. त्याने विचारलं, 'काका, ओढायचा हूक कुठे आहे, दाखवा.' मला तो माहीत नव्हता. 'पट्टा आहे? शॅकल?' मी म्हटलं, 'थालीपीठं आहेत.' यावर सगळे हसले. पण ती थालीपीठं वाटली गेली, आणि मी मंडळात दाखल झालो.

नंतर त्याने नियम सांगितले. एकट्याने कधी जायचं नाही, कमीत कमी दोन गाड्या हव्यात. अवघड जागा आली, की आधी उतरून पायी चालून बघायची. स्टीअरिंग धरताना अंगठे बाहेर ठेवायचे, कारण चाक दगडावर आपटलं तर स्टीअरिंग हिसका देतं आणि आतला अंगठा दुखावतो. उतारावर क्लच दाबायचा नाही. खालच्या गिअरात इंजिनलाच गाडी धरू द्यायची. पट्टा लावून गाडी ओढत असताना त्याच्या जवळपासही कोणी उभं राहायचं नाही, आणि वर भिजलेलं पोतं टाकायचं, म्हणजे तुटलाच तर तो सापासारखा उसळणार नाही. मी हे सगळं वहीत लिहून घेतलं. मंडळात वही घेऊन आलेला मी पहिलाच होतो म्हणे.

पौड मागे टाकल्यावर डांबर सोडून आम्ही एका कच्च्या वाटेला लागलो. तिथे सगळ्यांनी टायरमधली हवा कमी केली, १८-२० पौंडांवर आणली. आयुष्यभर पंपावर हवा भरून घेतलेल्या माणसाला मुद्दाम हवा सोडताना जिवावर येतं. पण मऊ टायर पसरतो, दगडाला बिलगतो आणि चिखलात कमी रुततो. फुगलेला टायर आणि फुगलेला माणूस दोघंही अवघड जागी घसरतात, हा माझा त्या दिवशीचा पहिला धडा.

दुसरा धडा डिफरन्शियलचा. आंसावरच्या दोन चाकांना वळताना वेगवेगळ्या गतीने फिरता यावं म्हणून ही व्यवस्था असते. पण तिचा स्वभाव असा, की एक चाक घट्ट जमिनीवर आणि दुसरं हवेत असेल, तर सगळी गती हवेतल्या चाकाकडे जाते. म्हणजे जो रिकामा गरगरतो त्याची चैन, आणि जो भार वाहायला तयार आहे तो जागच्या जागी. तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागलं नाही. यावर इलाज म्हणून काही गाड्यांत लॉक असतं, ते लागलं की दोन्ही चाकांना बरोबरीने फिरावं लागतं. आमच्या खात्यात ते कधीच बसवलं गेलं नाही.

मग एक चढ आला. वर म्होरक्या उभा राहिला. त्याला तिथे स्पॉटर म्हणतात. 'काका, रस्ता बघू नका, माझे हात बघा. माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाचं ऐकू नका.' मी गाडी थांबवली, न्यूट्रल केली, तो दुसरा दांडा फोर लो वर टाकला, आणि पहिल्या गिअरात निघालो. वाचकहो, मला वाटलं होतं की हा वेगाचा खेळ आहे. पण शेजारून चालणारा माणूस माझ्या पुढे गेला. गाडी एकेक दगड असा चढत होती, जसे आमचे आजोबा पर्वतीच्या पायऱ्या चढत: आधी पाय ठेवायचा, तो टेकला याची खात्री करायची, मग वजन टाकायचं. बॉनेटपलीकडे फक्त आभाळ आणि दोन हात दिसत होते. डावा हात हलला की मी डावीकडे, मूठ मिटली की मी जागच्या जागी. संसारात इतका आज्ञाधारकपणा मी कधी दाखवला नव्हता. वर पोचल्यावर टाळ्या पडल्या. माझ्या एकाही परीक्षणाला टाळ्या पडल्याचं मला आठवत नाही.

इथवर या हौसेचे गुण झाले. परीक्षकाने दोषही दाखवायला हवेत. एक दोष असा, की मंडळींना अलंकारांचा सोस फार. एका गाडीला इतके दिवे होते, की लग्नाच्या वरातीत घोड्याऐवजी ती चालली असती. दुसरा दोष चिखलाच्या प्रदर्शनाचा. काहीजण सोमवारी ऑफिसला जाईपर्यंत गाडी धूत नाहीत, लढाईतल्या जखमा दाखवाव्यात तसा चिखल मिरवतात. तिसरा दोष मात्र गंभीर होता, आणि तो माझ्या हातून घडला.

अकराच्या सुमाराला दोन्ही बाजूंना भातखाचरं असलेल्या वाटेवर जिप्सी चाकोरीत अडकली. ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांनी पाडलेली ती खोल चाकोरी होती. जिप्सीचं पोट मधल्या उंचवट्यावर टेकलं आणि चाकं अधांतरी फिरायला लागली. पुढची मंडळी फावडी आणि पट्टे काढायला लागली. मी सगळ्यांत मागे होतो. चढावरच्या टाळ्या अजून कानात होत्या. डावीकडे हिरवंगार गवत होतं, दिसायला सपाट. मनात म्हटलं, एवढी चारचाकी ताकद असताना या खाचेत थांबून राहायचं कशाला? बाजूने काढू आणि पुढे जाऊन जिप्सीला ओढू. उतरून पायी चालून बघायचं, हा माझ्याच वहीतला नियम होता. वही मागच्या सीटवर होती.

मी स्टीअरिंग डावीकडे फिरवलं. गाडी ऐटीत बाहेर पडली, सहा-सात फूट गेली, आणि पुढचं चाक खचकन खाली बसलं. ते गवत नव्हतं, गवत उगवलेला बांध होता. दगड ढासळले, आणि पलीकडच्या खाचरातलं पाणी आधी बोटभर, मग हातभर धारेने माझ्या चाकाशेजारून वाहायला लागलं. ते नुसतं पाणी नव्हतं, गढूळ, दाट होतं. त्याच्याबरोबर मातीही चालली होती.

खाचराच्या दुसऱ्या टोकाला इरलं पांघरलेली एक आजी वाकून काम करत होती. ती उभी राहिली आणि बांधावरून आली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने आधी पाण्याकडे बघितलं, मग गाडीकडे, मग माझ्याकडे.

'परवा लावनी हाय,' ती म्हणाली. 'चिखलनीला पानी धरलं व्हतं.'

म्होरक्या धावत आला. त्याने हात जोडले, पाकीट काढलं आणि म्हणाला, 'आजी, चूक झाली. किती नुकसान झालं सांगा.'

'पैका घालून पानी आडतंय व्हय?' आजीने विचारलं.

याला आमच्यापैकी कोणाकडे उत्तर नव्हतं. मग ती माझ्याकडे वळली. माझे पिकलेले केस बघून तिने मला पोरांपेक्षा जास्त जबाबदार धरलं असावं, आणि ते बरोबरच होतं. 'वाट व्हती की हितं,' ती चाकोरीकडे बोट दाखवत म्हणाली. 'गाडीनं गाडीच्या वाटंनं जावं. म्हून तर चाकोरी आस्ती.'

तीस वर्षं मी हा शब्द वापरत आलो. त्याचा अर्थ त्या क्षणी पहिल्यांदा कळला. चाकोरी म्हणजे आळशी माणसांची सवय, असं मी धरून चाललो होतो. इथे ती एक समझोता होता: पिढ्यान् पिढ्या गाड्यांनी एवढ्याच दोन खाचांतून जायचं, म्हणजे बाकीची जमीन पिकायला मोकळी राहील. तिच्याबाहेर जाण्यात धाडस लागत नव्हतं, नुसतं पेट्रोल पुरेसं होतं.

पुढचे दोन तास या मंडळाने जे केलं, ते मला त्यांच्या सगळ्या चढ-उतारांपेक्षा मोलाचं वाटतं. म्होरक्याने गाड्यांची इंजिनं बंद करायला लावली. आधी माझी गाडी पट्ट्याने मागे ओढली, पुन्हा चाकोरीत. मग बूट काढून सगळे खाचरात उतरले. ढासळलेले दगड शोधून आणले. ज्यांच्या गाड्यांना बारा दिवे होते, ते कमरेत वाकून मातीचे गोळे देत होते. आजी काठावर उभी राहून हुकूम सोडत होती. 'थोरला दगूड खाली. चपटा वर नगं. माती दाब, आजून दाब.' तिथे खरी स्पॉटर ती होती. मी दगड लावला, तो तिने पायाने हलवून पाहिला आणि म्हणाली, 'ह्यो काढ.' माझं एवढं कडक परीक्षण आजवर कोणी केलेलं नाही, आणि एवढं न्याय्यही.

पाणी थांबलं. पण खाचर अर्धं रिकामं झालं होतं. वरच्या खाचरातून थोडं पाणी सोडून घेऊ आणि पाऊस झाला तर भरेल, असं ती म्हणाली. त्या रात्री कोथरूडात पाऊस पडताना मी तीन वेळा उठून खिडकीशी गेलो. सौ.ने विचारलं, 'काय बघताय?' मी म्हटलं, 'मुळशीत पडतोय का बघतोय.' ती म्हणाली, 'इथून?'

मुळशीत पडला असावा, कारण पुढच्या रविवारी मी आणि म्होरक्या गेलो तेव्हा लावणी झाली होती. आमचा बांध उभा होता. मधला भाग जरा पोटाळला होता, पण उभा होता. आजी घरी नव्हती. आम्ही गाडी वाटेवरच ठेवून बांधाच्या कडेने चालत फेरी मारून आलो.

आता निष्कर्ष. ही हौस वाईट नाही. तिच्यातलं चांगलं ते हळू चालण्यात आहे, उतरून पायी बघण्यात आहे, दुसऱ्याच्या हातांवर विश्वास टाकण्यात आहे, आणि रुतलेल्याला न हिणवता ओढून काढण्यात आहे. चारचौघांत चुकायची सोय असलेली जागा आमच्या वयाच्या माणसाला सहसा मिळत नाही. तिच्यातलं वाईट जाहिरातीतून आलेलं आहे: डोंगर रिकामा आहे, ही समजूत. सह्याद्रीत रिकामी जागा नाही. जिथे शेत नाही तिथे गायरान आहे. जिथे काहीच नाही असं वाटतं त्या सड्यांवर जांभ्या दगडावरचा मातीचा पातळ थर आहे, आणि त्यावरच पावसाळ्यात फुलं येतात. अशाच फुलांच्या कास पठाराला २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर युनेस्कोने जागतिक वारसा म्हटलं. तिथल्या मातीत चाक एकदा फिरलं, की ती दबते, पाण्याच्या वाटा बदलतात आणि खाच राहते. गाडी संध्याकाळी धुतली जाते, खाच धुतली जात नाही.

जाणत्या मंडळींत एक नियम आहे, तो मला त्या दिवशी उशिरा कळला: असलेली वाट सोडायची नाही. म्हणजे हे ऑफ-रोडिंगवाले रस्त्याबाहेर जातात, चाकोरीबाहेर जात नाहीत. या दोन गोष्टींतला फरक मला ना शब्दकोशाने सांगितला होता, ना जाहिरातीने.

माझ्या गाडीत आता पट्टा आहे, शॅकल आहे, एक फावडं आहे आणि वही पुढच्या सीटवर असते. बॉनेटवर पापड अजून वाळतात. तो हक्क सौ.ने सोडलेला नाही.

परवा संपादकांनी एक कादंबरी परीक्षणाला पाठवली. मलपृष्ठावर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'चाकोरीबाहेरची कलाकृती'. पूर्वी मी ते वाक्य तसंच उचलून परीक्षणात टाकलं असतं. या वेळी मी कादंबरी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. कुणाचा बांध मोडला आहे का, ते बघायचं होतं.